उप

कोल्हापूर नाक्यावरच्या आमच्या टपरीत
मी अंक शिकले ते अण्णांच्या ब्रशाकडं बघून.
नऊ कोल्हापूर, दहा सांगली,
अकरा आपण, बारा पुणं.
हायवे म्हणजे उजळणीच होती,
दक्षिणेकडनं वर म्हणत जायची.
अण्णांचा अकरा एका श्वासात व्हायचा,
पट्टी न लावता दोन उभ्या रेघा.
गिऱ्हाईक चहा संपवेपर्यंत पाटी वाळायला टांगलेली.

मग एका वर्षी कागद निघाला.
कऱ्हाड आणि पाटण, दोन तालुके बाजूला काढले,
त्यांचं कार्यालय निराळं, आकडा पन्नास.
दहाच्या पुढं पन्नास, पन्नासच्या पुढं अकरा,
माझी उजळणी तिथंच मोडली.
चुलत्यांची बुलेट अकराची राहिली,
त्यांच्या पोराची नवी गाडी पन्नासची,
दोन्ही एकाच छपराखाली,
गळकं पत्र्याचं पाणी दोन्हींच्या सीटवर.
इंदोलीचा सदाशिव साताऱ्यात पेट्रोलला थांबला
तर पंपावरचं पोरगं म्हणालं,
"ओ पन्नास, जरा पुढं घ्या."
सदाशिवला ते आठवडाभर लागलं.
त्याची सासुरवाडी साताऱ्याची.

कार्यालयाचा बोर्ड अण्णांकडंच आला.
आठ फूट पत्रा, पांढऱ्या प्राइमरचे दोन हात.
सुतळीचं एक टोक माझ्या चिमटीत,
अण्णांनी ती गेरूत भिजवून ताणली, टाण् करून सोडली.
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, कऱ्हाड.
"उप कशाला?"
"मोठं हापिस कोल्हापूरला. साताराबी उप, सांगलीबी उप.
आपण त्यातलं शेंडेफळ."
साहेब उभ्या उभ्या बघून गेले.
म्हणाले, "जिनगर, तो उप जरा बारीक घ्या,
बाकीचं ठसठशीत दिसू दे."
अण्णांनी मान डोलावली
आणि साहेबांची जीप वळल्यावर
उप काढला बाकीच्यांएवढाच,
वर एक सूत जास्त.

"भूगोलात कोयना उपनदी," ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणाले,
"पण संगमावर जाऊन बघ एकदा.
बाजूनं येऊन गुमान मिळती व्हय ती?
समोरनं येती, छातीला छाती.
पुढं वळल्यावर कुठलं पाणी कुणाचं, सांग की मला."

उपच्या पुढं त्यांनी दोन बोटं जागा सोडली.
"अण्णा, हा एकच शब्द आहे. बाईंनी शिकवलाय."
"आसू दे. उद्या सरकारनं उप काढला
तर बाकीची अक्षरं हलवाय लागू नयेत."
"मग तिथं मोकळंच राहील की."
"मोकळं का? सिंह काढीन तिथं.
तीनच. चवथा मागं आसतो,
त्याचा रंग वाचतो."

आता नंबर मशीनवर दाबून येतात.
होलोग्राम, लेझरचा कोड, एकदा ठोकले की न निघणारे रिवेट.
टपरीत मी झेरॉक्स काढते, ऑनलाइन फॉर्म भरून देते,
रकाना येतो, कार्यालय निवडा,
आणि म्हातारी माणसं अजून सातारा म्हणतात.

परवा अण्णांच्या एम-एटीला नवी पाटी बसवली.
आकडा अकराच. गाडीला जन्माचा आकडा जन्मभर,
वर कितीही तुकडे पडोत.
जुनी पाटी, त्यांच्या हातची,
फिटरनं नियमाप्रमाणं गुडघ्यावर वाकवली
आणि डब्यात टाकली.
डब्यात आधीच बऱ्याच होत्या.
अण्णा काही बोलले नाहीत.
मागं बसले, म्हणाले, "हापिसावरनं घे."

गेटसमोर गाडी थांबवायला लावली.
बोर्ड उन्हानं खाल्लाय.
प्रादेशिक धड लागत नाही,
परिवहनमधला प गेलाय,
कऱ्हाडच्या डोक्यावर कबुतरांनी हात फिरवलाय.
उप तेवढा काळाकुळीत.

"त्याला तीन हात दिले होते," अण्णा म्हणाले.
"चल आता, ऊन लागतंय."